जान्हवी घाडीची नोंद

अक्षता घाडीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं तेव्हा जुलै संपत आला होता. असं होतं कधी कधी, यात कोणाची चूक नसते, असं डॉक्टरांनी सांगितलं. तीन दिवसांनी ती चारकोपच्या घरी परत आली. डॉक्टरांनी लिहून दिलेली रजा तिने पूर्ण केली आणि मग कामावर जाऊ लागली.

घरात तीन माणसं. अक्षता, तिचा नवरा सुयोग आणि सासू विमला. सासरे धाकू घाडी गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले होते आणि सहा वर्षांपूर्वी वारले होते. बाळ गेल्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही. तसं कोणी ठरवलं नव्हतं. सुयोग लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत होता, तो रविवारच्या ड्युट्या मागून घेऊ लागला. विमलाने अर्धवट विणलेलं टोपरं लोकरीसकट कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिलं. जेवताना भाजीत मीठ कमी आहे का, एवढं तिघं एकमेकांना विचारत.

अक्षताची नोकरी अंधेरीला, एमआयडीसीत. लोक बँकेत खातं उघडतात, सिमकार्ड घेतात, तेव्हा ओळखपत्रं जोडतात. ती खरी आहेत का, फोटो जुळतो का, सही जुळते का, हे स्क्रीनवर तपासायचं. दिवसाला अडीचशे-तीनशे माणसं तिच्या डोळ्यांखालून जात. कोणाचाही कागद बाहेर जाऊ नये म्हणून कंपनीचा नियम असा होता की सकाळी नऊला मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा आणि संध्याकाळी सहाला परत घ्यायचा. म्हणूनच बोरिवलीच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये फॉर्म भरताना अक्षताने संपर्कासाठी स्वतःचा नंबर न देता सासूचा दिला होता. दिवसा आई घरी असतात, फोन उचलतील, असा तिचा साधा विचार.

जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारी तिला सुट्टी होती. विमला मासळी आणायला गेली होती. कुरिअरवाला आला आणि त्याने विचारलं, जान्हवी घाडी इथेच राहतात का. अशी कोणी इथे नाही, असं अक्षताने सांगितलं. त्याने खोका पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, जान्हवी अक्षता सुयोग घाडी. सेक्टर, इमारत, खोली नंबर, सगळं बरोबर. खाली विमलाचा मोबाइल नंबर. अक्षताने सही करून खोका घेतला.

आत सहा डायपर होते, एक साबणाची वडी, एक खुळखुळा आणि एक गुलाबी कार्ड. प्रिय जान्हवी, तुला एक महिना पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन.

विमला परतली तेव्हा अक्षता पलंगावर बसलेली आणि खोका टीपॉयवर उघडा. विमलाने तो पाहिला, पिशवी मोरीत ठेवली, हात धुतले आणि खुर्चीवर येऊन बसली. काय ते तिने एकदाच सांगून टाकलं.

पहिला फोन बाळ गेल्यानंतर आठव्या दिवशी आला होता. अक्षता मॅडम बोलतायत का, असं एका मुलीने विचारलं. नाही म्हटलं असतं तर तिने अक्षताचा नंबर मागितला असता, म्हणून विमलाने हो म्हटलं. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवायची बँक होती. नको, म्हणून विमलाने फोन ठेवला. मग दुसऱ्या बँकेचा आला. मग गरोदर बायकांच्या व्यायामाच्या वर्गाचा. सातव्या महिन्याचे फोटो काढणाऱ्याचा. सप्टेंबरमध्ये एका मुलीला तिने खरं सांगितलं. ती मुलगी सॉरी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीतून दुसरीने फोन करून विचारलं, मग काय ठरलं मॅडम तुमचं? विमलाने पुन्हा सांगितलं. असं चार वेळा, चार वेगवेगळ्या मुलींना. पाचव्या वेळी तिच्याच्याने ते शब्द निघेनात. बरं चाललंय, एवढं ती म्हणाली. ते सोपं गेलं. त्यानंतर ती तेच म्हणत राहिली. डिसेंबरमध्ये एकीने विचारलं, मुलगा झाला की मुलगी.

"चेडू झाला म्हणान सांगितलंय," विमला म्हणाली. "नाव विचारल्यान. जान्हवी सांगितलंय. तोंडात इला, ता सांगितलंय."

हे सगळं मला का नाही सांगितलंत, असं अक्षताने विचारलं. विमला उठून मोरीत गेली आणि आणलेले बांगडे साफ करू लागली.

आधी अक्षताला राग आला. तिच्या नावाने तिची सासू सहा महिने बोलत होती, तिच्या पोटातलं वाढवत होती, आणि शेवटी तिला विचारल्याशिवाय नावही ठेवून मोकळी झाली होती. मग तिच्या लक्षात आलं की हे फोन तिला आले असते तर दर वेळी तिलाच उत्तर द्यावं लागलं असतं. राग तरी पूर्ण गेला नाही. ती मोरीशी गेली, सासूच्या शेजारी बसली आणि साफ झालेले बांगडे धुऊन ताटात ठेवू लागली. खोका संध्याकाळी सुयोगने पाहिला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, आईचा नंबर बदलून टाकू.

"मी कित्याक बदलू?" विमला म्हणाली. "चूक त्येंची."

पुढच्या शनिवारी अक्षता बोरिवलीला सेंटरमध्ये गेली. भिंतीवर मोठा फलक होता की इथे गर्भातलं बाळ मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही. काउंटरवरच्या बाईने तिला अपॉइंटमेंट आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर तासभर बसवलं. मग ऑफिसचं काम बघणारी श्वेता नावाची बाई आली. तिने अक्षताचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि आमच्याकडून काहीही बाहेर जात नाही, असं सांगितलं. खात्री करायला तिने फाइल काढली. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सतरा मुद्दे होते. अकरावा असा होता की माता आणि बालकाच्या आरोग्यविषयक सेवांसाठी माझी माहिती संबंधित संस्थांना देण्यास माझी संमती आहे. खाली अक्षताची सही.

अक्षताने सही सवयीने निरखून पाहिली. सही जुळत होती.

श्वेताचाही चेहरा उतरला. हा मुद्दा फॉर्मवर कधी आला हे तिलाही माहीत नव्हतं, छापखान्याकडून फॉर्म तसेच येत असत. माहिती कोणाकडे जाते ते मात्र तिने शोधून दिलं. घाटकोपरला एक एजन्सी होती. तिचं कार्ड खणात होतं.

एजन्सी घाटकोपर पूर्वेला, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि भिंतीवर जाडजूड पुस्तकांची रांग. मालकाचं नाव माणिक वाघधरे, वय साठीच्या घरात. पूर्वी ते घाटकोपर ते मुलुंड या भागाची टेलिफोन डिरेक्टरी काढत. भिंतीवर होत्या त्या जुन्या डिरेक्टऱ्या. त्यांच्या डिरेक्टरीत कधी एक नंबर चुकला नाही, हे त्यांनी अक्षताला बसायला सांगता सांगता सांगितलं. लँडलाइन गेल्या, डिरेक्टरी बंद पडली, मग ते या धंद्यात आले. काम तेच, ते म्हणाले, फक्त पुस्तक नाही.

अक्षताने नाव सांगितलं. वाघधऱ्यांनी दोन बोटांनी टाइप केलं आणि फोन करणाऱ्या कंपन्यांनी भर घालून परत पाठवलेली नोंद वाचून दाखवली. जान्हवी घाडी, मुलगी, जन्म डिसेंबर, पहिलं अपत्य, आईचं नाव, परिसर, आजी घरात, आईवडील दोघं नोकरीला. दीड वर्षाची झाली की नोंद आपोआप प्लेग्रुपच्या यादीत जाते, मग नर्सरी, मग शाळा, मग क्लासेस.

"ती नाही," अक्षता म्हणाली. "पाचव्या महिन्यातच गेली. जन्मलीच नाही."

वाघधऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. फार वाईट झालं, असं ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. त्यांनी खालून चहा मागवला. मग चष्मा लावून त्यांनी की-बोर्ड पुढे ओढला आणि नोंद अपडेट करतो म्हणाले.

अपडेट म्हणजे काय, असं अक्षताने विचारलं.

"ज्यांचं असं होतं त्यांची वेगळी यादी आहे. त्यात टाकतो."

"ती यादी कोणाला लागते?"

"तिला मागणी जास्त आहे, मॅडम. टेस्ट ट्यूबवाले घेतात. समुपदेशनवाले घेतात. दोन ज्योतिषी आहेत."

अक्षताने त्यांना की-बोर्डवरून हात काढायला सांगितलं. नोंद पूर्णच काढून टाका, असं तिने म्हटल्यावर वाघधऱ्यांनी शांतपणे समजावलं की नको आहे म्हणून नोंद काढत नाहीत. एकाला नको, उद्या दहा जणांना नको, मग यादीला अर्थ काय राहिला? शिवाय ही नोंद तेरा पार्ट्यांकडे गेलेली होती आणि त्या प्रत्येकाकडे तिची कॉपी होती. त्यांचा सल्ला असा होता की काहीच करू नये. मूल मोठं होत जातं तसे फोन कमी होतात. अठराव्या वर्षानंतर तर नंबरही बदललेला असतो.

अक्षताने विचार करून सांगते म्हटलं आणि तोवर काही अपडेट करू नका, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

त्याच आठवड्यात तिच्या कंपनीत माहिती-संरक्षणाच्या कायद्यावर दोन तासांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला विधी विभागातला सौरभ आला होता, हुशार मुलगा, स्लाइड भराभर बदलायचा. कायदा २०२३ साली झालेला आहे, पण अजून लागू नाही, असं तो म्हणाला. त्याच्या नियमांचा मसुदा याच जानेवारीत निघाला आहे आणि सरकारने त्यावर लोकांच्या सूचना मागवल्या आहेत. शेवटी कोणाला काही विचारायचंय का, असं त्याने विचारलं. एरवी या वेळेपर्यंत सगळे चहाकडे निघालेले असतात. अक्षताने हात वर केला. आपली माहिती काढून टाका असं सांगता येईल का? येईल, कायदा लागू झाला की. जी व्यक्ती जन्मलीच नाही तिची माहिती असेल तर?

सौरभला हे परीक्षेत विचारतात तसं वाटलं. त्याला ते आवडलंही. जी व्यक्ती नाही तिला कायद्यात हक्क कसा असणार, असं तो म्हणाला. आपल्या मते ती आईचीच माहिती धरावी लागेल, चुकीची माहिती, पण मसुद्यात तसं स्पष्ट काही नाही. हे कुठून वाचलंत, असं त्याने विचारलं. वाचलं नाही, असं अक्षताने सांगितलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, स्लाइड बंद केली आणि म्हणाला, "तुम्ही हे लिहून पाठवा. मागवल्यात ना सूचना."

रविवारी सुयोगने ड्युटी घेतली नाही, कारण लॅपटॉप त्याचा होता आणि पासवर्ड त्यालाच माहीत होता. तिघं जेवणाच्या टेबलाशी बसले. विमला वाल सोलत होती. सरकारच्या संकेतस्थळावर प्रत्येक नियमासाठी वेगळा चौकोन होता, त्यात आपलं म्हणणं टाइप करायचं. नियम वाचायलाच दीड तास गेला. मग अक्षता लिहू लागली. माझ्या गरोदरपणासंबंधीची माहिती, असं तिने लिहिलं आणि खोडलं. वैद्यकीय कारणास्तव, असं लिहिलं आणि तेही खोडलं. कर्सर बराच वेळ नुसता लुकलुकत राहिला.

"सरळ लिही ना," सुयोग म्हणाला. "आमचं बाळ गेलं, असं लिही."

या घरात कोणी ते मोठ्याने म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. विमलाचे हात थांबले. अक्षताला लिहिता येईना, म्हणून सुयोगने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि ते वाक्य त्याने टाइप केलं. 'गेलं'वरचा अनुस्वार राहिला होता. तो अक्षताने दिला. मग सुयोग उठून गॅलरीत गेला आणि वाळत घातलेले कपडे काढू लागला, जे अजून ओले होते. अक्षता त्याच्यामागे गेली. दोघं बऱ्याच वेळाने आत आले तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते आणि विमलाने चहा ठेवला होता.

त्यांनी चार सूचना लिहिल्या. माहिती कोणी काढायला सांगितली तर ती ज्यांना ज्यांना दिली त्या सगळ्यांना कळवण्याची जबाबदारी देणाऱ्याची असावी. कोणी आपलं दुःख सांगितलं म्हणून त्याला त्या दुःखाच्या यादीत घालू नये. संमती सतरा मुद्द्यांमधल्या अकराव्यात लपवू नये, ती समोर विचारावी. चौथी सूचना विमलाची. अंधेरीहून बोलणारी सपना नावाची एक मुलगी होती. विमलाने तिला खरं सांगितलं तेव्हा ती रडायला लागली आणि म्हणाली, काकू, माझ्या स्क्रीनवर तीनच बटणं आहेत, हवंय, नकोय, नंतर फोन करा, मी यातलं काय दाबू? नकोय जास्त झालं की साहेब ओरडतात, असंही ती म्हणाली. म्हणून विमलाने तिला सांगितलं होतं की नंतर दाब.

"तेंका चौथा बटण व्हया," विमला म्हणाली. "तसा लिव."

अक्षताने तसं लिहिलं. पाठवल्यावर पडद्यावर पोच आली. आलेल्या सूचना उघड केल्या जाणार नाहीत, असंही तिथेच लिहिलेलं होतं. अक्षताने ते दोनदा वाचलं. एवढ्या महिन्यांत त्यांची गोष्ट गुप्त ठेवण्याची हमी देणारी ही पहिलीच जागा निघाली.

मार्चमध्ये अक्षता पुन्हा घाटकोपरला निघाली तेव्हा विमला चप्पल घालून दारात उभी होती. मी येतंय, एवढंच तिने सांगितलं.

वाघधऱ्यांनी दोघींना बसवलं. विमलाने पदर सारखा केला आणि सांगायला सुरुवात केली की नोंद चुकीची आहे. जन्मतारीख, नाव, मुलगी, सगळं तिने स्वतः फोनवर सांगितलेलं, आणि सगळं खोटं. वाघधरे सरसावून बसले. नोंद नको असणं वेगळं आणि नोंद चुकीची असणं वेगळं, असं ते म्हणाले. चुकीची नोंद त्यांच्या यादीत राहणं त्यांना स्वतःलाच चालणार नव्हतं. नसलेलं माणूस छापलं असतं तर डिरेक्टरीच्या काळात लोकांनी त्यांना तोंड दाखवू दिलं नसतं.

"ताई, मग तेवढं लेखी द्या," ते म्हणाले. "म्हणजे मला काढता येईल."

त्यांनी रेघांचा कागद दिला. विमला सातवी शिकलेली, अक्षर गोल आणि सुटं. अक्षता सांगू लागली तर तिने हाताने थांबवलं. सावकाश, थांबत थांबत, तिने स्वतःच लिहिलं. मी, विमला धाकू घाडी, राहणार चारकोप, लिहून देते की आमच्या घरी जान्हवी नावाची मुलगी जन्मली नाही. मी खोटे सांगितले होते. तिचे नाव काढावे. लिहून झाल्यावर तिने कागद अक्षतापुढे सरकवला. अक्षताने तो वाचला आणि वाघधऱ्यांना दिला. त्यांनी तारीख घालायला सांगितली. विमलाने तारीख घातली.

"काढूच्या आदी माका एकदा बघूंदेत," ती म्हणाली.

वाघधऱ्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. विमलाने बोट काचेवर ठेवून ओळ वाचली. नाव, मग आईचं नाव, मग आजी. बोट तिथे जरा थांबलं. मग तिने हात मागे घेतला.

"नाव बरोबर लिवलंत," ती म्हणाली. "काढा आता."

त्यांनी एक बटण दाबलं. खात्री आहे का, असं कॉम्प्युटरने विचारलं. त्यांनी पुन्हा दाबलं. जान्हवीच्या खालची मालाडच्या कुठल्यातरी मुलाची नोंद एक घर वर सरकली. विमलाने लिहिलेला कागद वाघधऱ्यांनी पंच करून फाइलला लावला. पुरावा म्हणून तो ठेवावा लागतो, असं ते म्हणाले. अक्षताने तो परत मागितला नाही.

तेरा पार्ट्यांचं काय, असं मात्र तिने विचारलं. डिरेक्टरीत चूक झाली की काय करायचात? चूक व्हायचीच नाही, वाघधरे म्हणाले, एकदाच झाली होती, एका डॉक्टरचा नंबर एका वखारीला गेला होता, तेव्हा शुद्धिपत्र छापून घरोघर वाटलं होतं. मग आताही तसंच करा, अक्षता म्हणाली. वाघधऱ्यांनी यावर बराच विचार केला. या धंद्यात असं कोणी करत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि मग दोन बोटांनी चार ओळींचं शुद्धिपत्र टाइप करून त्यांच्यासमोरच तेरा ठिकाणी ईमेल केलं. कारण अक्षताने सांगितलं तेवढंच लिहिलं, नोंद चुकीची होती.

खाली उतरल्यावर विमलाला भूक लागली होती. दोघींनी खाऊ गल्लीत उभ्या उभ्या एक मसाला डोसा मागवला आणि अर्धा अर्धा केला. तुम्ही काय नाव ठेवणार होतात, असं विमलाने डोशाकडे बघत विचारलं. अक्षता म्हणाली, ठरलं नव्हतं. सुयोगला दोन अक्षरी हवं होतं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "जान्हवी चांगलं होतं, आई."

विमलाने मान हलवली आणि चटणी तिच्याकडे सरकवली.

फोन एकदम बंद झाले नाहीत. तेरापैकी सात जणांनी शुद्धिपत्र मानलं असावं, कारण त्यांचे फोन पुन्हा आले नाहीत. बाकीचे येत राहिले, पण आता विमला दर वेळी खरं सांगायची. आता तिला ते सांगता यायचं. बोरिवलीहून श्वेताचाही एकदा फोन आला. फॉर्मवरचा अकरावा मुद्दा त्यांनी काढला होता आणि जुने फॉर्म रद्दीत दिले होते. रद्दी कोणाला दिली, असं अक्षताने विचारलं. श्वेताने विचारून सांगते म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी उरलेले सगळे फाडून टाकल्याचं कळवलं.

नोव्हेंबरमध्ये नियम पक्के होऊन आले. अक्षताने ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. संमतीची सूचना स्वतंत्र आणि सोप्या भाषेत द्यावी असं त्यात होतं, पण ते मसुद्यातही होतं. बटणाबद्दल काही नव्हतं. महत्त्वाची कलमं अठरा महिन्यांनी लागू होणार होती. विमलाने विचारलं, मग आपलं लिहिलेलं कोणी वाचलं की नाही? अक्षता म्हणाली, माहीत नाही. वाचलं असेल एखाद्याने.

कंपनीने मात्र तयारी म्हणून आधीच एक टेबल सुरू करायचं ठरवलं. लोकांच्या माहितीबद्दलच्या तक्रारी घ्यायच्या आणि निकाली काढायच्या. ते काम कोणाला नको होतं, कारण त्यात बढती नव्हती आणि लोक चिडून बोलतात. सौरभने बैठकीत विचारलं तेव्हा अक्षताने हात वर केला. त्या टेबलाला कंपनीने फोन दिला, तारेचा, टेबलाला चिकटवलेला.

पहिली तक्रार मुलुंडहून आली. धोंडिराम कसबे, वय एकाहत्तर, टपाल खात्यातून निवृत्त. त्यांची बायको मालन दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिच्या सिमकार्डचे कागद अक्षताच्याच कंपनीने तपासलेले, आणि तो मोबाइल ते अजून चालू ठेवत, कारण गावाकडचे लोक त्यावरच फोन करत. त्यावर तिच्या वाढदिवसाला शुभेच्छा यायच्या आणि सोबत गुडघेदुखीच्या पट्ट्यावर सूट. तिच्या गुडघ्यांबद्दल त्यांना कोणी सांगितलं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आवाज चिडलेला नव्हता. मी फक्त विचारतोय, असं ते दोनदा म्हणाले.

नियमाप्रमाणे अक्षताने आपल्या कंपनीकडची नोंद काढून टाकली की काम संपत होतं. त्याला चार मिनिटं लागली. मग ही माहिती आपण आणखी कुठे दिली होती ते तिने शोधलं. चार ठिकाणं निघाली. तिने चारही ठिकाणी फोन लावले. एकाने ईमेल करा म्हटलं, तिने केला आणि फोन न ठेवता तो पोहोचेपर्यंत थांबली. एकाने हा आमचा विभाग नाही म्हटलं, तिने विभाग विचारून घेतला. दुपारचं जेवण राहिलं. साडेपाचला तिने धोंडिराम कसब्यांना फोन केला.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"चार ठिकाणी होतं, काका. तीन ठिकाणचं काढलं," ती म्हणाली. "चौथ्याला उद्या सकाळी पुन्हा लावते. तुमचा नंबर लिहून ठेवते तेवढा, चालेल ना?"

चालेल, असं ते म्हणाले.